अर्निसमध्ये आन्यो: कधी शिकायचा, कसा घोटायचा आणि कुठे थांबायचं

आन्यो म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचे हात आणि पावलं. कराटेच्या वर्गात ज्याला काता म्हणतात, त्याच जातीचा प्रकार. फिलिपिन्सच्या काठीविद्येला कुठे अर्निस म्हणतात, कुठे एस्क्रिमा, कुठे काली. 2009 च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक 9850 ने अर्निसला तिथला राष्ट्रीय खेळ ठरवलं, म्हणून या लेखात सरसकट अर्निस हेच नाव घेतलं आहे.

आन्यो हवा की नको, यावर या विद्येत एकमत नाही. रेमी प्रेसास यांच्या मॉडर्न अर्निस या शाखेत काठीचे आणि रिकाम्या हाताचे असे दोन्ही आन्यो आहेत आणि पट्ट्याच्या परीक्षेत ते करून दाखवावे लागतात. तिथल्या सेबू बेटावर 1932 साली स्थापन झालेल्या दोसे पारेस या शाखेतही अशा रचना आहेत. पण त्याच सेबूत वेनान्सियो 'आन्सियोंग' बाकोन यांनी उभ्या केलेल्या बालिंतावाकमध्ये मुळात आन्यो नव्हताच. तिथे गुरू समोर उभा राहून एकेका शिष्याला वार देतो आणि शिष्य त्यातूनच शिकतो. दोन्हीकडून उत्तम लढवय्ये निघाले. तेव्हा आन्यो चांगला की वाईट असा वाद घालण्यात अर्थ नाही. तो नेमकं कोणतं काम करतो ते समजून घ्यावं आणि त्याच कामाला लावावा.

बालिंतावाकमध्ये सगळा अभ्यासक्रम गुरूच्या हातात असतो. शिष्याचं पाऊल कुठे चुकलं हे त्याला पुढच्याच वारात कळतं. गुरू रोज तासभर तुमच्या एकट्यासाठी मोकळा असेल, तर आन्योवाचून काही अडत नाही. पण एका वर्गात तीस-चाळीस जण आले की ही पद्धत कोलमडते. बालिंतावाकमध्येही पुढच्या पिढीतल्या शिक्षकांनी डाव गटागटांत बांधून शिकवायला सुरुवात केली, ती याच अडचणीमुळे. तुम्ही गावात एकटे शिकणार असाल, आठवड्यातून एकदाच शिक्षक भेटणार असतील, तर मधले सहा दिवस धडा लक्षात ठेवायचं काम आन्योच करतो.

काठी आणि जागा

काठी वेताची घ्या. लांबी 71 सेंटिमीटर म्हणजे 28 इंच, जाडी साधारण अडीच सेंटिमीटर. उंची कमी असेल तर 66 सेंटिमीटरची चालते. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर हे ढोबळ माप. बांबू घेऊ नका. आदळला की तो उभा चिरतो आणि चिरलेली धार सुरीसारखी लागते. वेत तुटताना तंतू तंतू होऊन पिसतो, तुकडा उडत नाही. फिलिपिन्समध्ये कामागोंग नावाच्या जड लाकडाच्या काठ्याही मिळतात, पण त्या एकट्याने फिरवण्यासाठी. जोडीदाराच्या काठीवर त्या कधीच आपटायच्या नाहीत.

टोकाकडच्या दहा सेंटिमीटरवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर द्या. वेताचे तंतू सुटू लागले की काठी थोडी फिरवून दुसरी बाजू पुढे आणा. कुसळं वर आली तर सँडपेपर मारा. जोडीने सराव करताना डोळ्यांवर गॉगल हवाच, वेग कितीही कमी असला तरी.

जागा अडीच मीटर बाय अडीच मीटर पुरते. छताची उंची मात्र आधी पाहा. डोक्यावरून सरळ खाली येणारा वार आणि फिरता पंखा यांचं पटत नाही. गच्ची किंवा सोसायटीचं पार्किंग बरं.

पकड अशी: काठीच्या बुंध्याकडे एक मूठभर भाग मुठीखाली मोकळा सोडा. या टोकाला पुन्यो म्हणतात, जवळच्या लढतीत त्यानेही मारतात. अंगठा बोटांवर गुंडाळलेला, काठीवर आडवा ताणलेला नव्हे. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी जरा सैल. नवशिके उलट करतात: तर्जनी-अंगठ्याने काठी आवळतात आणि करंगळी उघडी ठेवतात. मग जोराचा वार अडवला गेला की काठी हातातून उडते. आणि सगळी मूठ सतत आवळून ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. मूठ वार लागण्याच्या क्षणी घट्ट होते, बाकी वेळ निम्म्या जोरावर.

पहिले सहा आठवडे आन्यो नको

आमचं मत स्पष्ट आहे: वाराच्या रेषा आणि पावलं बसण्याआधी आन्यो शिकवला की तो कवायत होतो. क्रम पाठ होतो, पण एकही वार लागण्याजोगा नसतो. पुढे तो मोडून काढायला दुप्पट वेळ जातो.

पहिल्यांदा कोन. मॉडर्न अर्निसमध्ये बारा कोन आहेत. इतर शाखांत संख्या आणि क्रम बदलतो, पण कल्पना एकच: हल्ला कोणत्या हत्याराने होतो यापेक्षा तो कोणत्या रेषेने येतो हे ओळखायचं. नवशिक्याने आधी सहाच घ्यावेत. एक, समोरच्याची डावी कानशील. दोन, उजवी कानशील. तीन, डावा कोपर. चार, उजवा कोपर. पाच, पोटात भोसक. आणि बारा, डोक्याच्या मध्यावर. मधले सहा म्हणजे छातीवरच्या दोन भोसका, दोन्ही गुडघे आणि डोळ्यांवरच्या दोन भोसका. ते नंतर.

प्रत्येक कोनाचे उजव्या हाताने वीस आणि डाव्या हाताने वीस, असे सहा कोनांचे दोनशे चाळीस वार. हळू केले तरी पंधरा मिनिटांत होतात. भिंतीवर किंवा खांबावर तुमच्या उंचीच्या माणसाचं डोकं, कोपर आणि पोट जिथे येईल तिथे खडूने खुणा करा. हवेत मारताना काठीचं टोक त्या खुणेच्या रेषेतूनच गेलं पाहिजे. एक नंबर मारताना बहुतेकांचा वार खांद्यावर उतरतो, कारण हात दमला की कोपर खाली येतो. दहाव्या-बाराव्या वारापासून ही घसरण सुरू होते, म्हणून शेवटच्या आठ वारांकडे जास्त लक्ष द्या.

मग पावलं. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी व्ही अक्षर काढा, प्रत्येक बाजू साठ सेंटिमीटर, टोक तुमच्याकडे आणि उघडी बाजू समोर. दोन्ही पाय टोकाजवळ. उजवा पाय उजव्या रेषेने पुढे, परत. डावा पाय डाव्या रेषेने पुढे, परत. वार सरळ रेषेत येत असेल तर 45 अंशांत पुढे गेल्याने तुम्ही रेषेबाहेरही पडता आणि मारण्याच्या टप्प्यातही येता. सरळ मागे हटणारा मात्र दुसऱ्या वारात सापडतो. टाचा जमिनीवर टेकलेल्या ठेवू नका, कागद सरकेल इतक्या उचललेल्या असू द्या.

मोकळा हातही आत्ताच लावून घ्या. काठी नसलेला हात छातीच्या मध्यावर, तळवा आत. समोरच्याचं मनगट दाबणं, त्याची काठी बाजूला सारणं, हत्यार काढून घेणं ही सगळी कामं हाच हात करतो. तो कमरेशी लोंबत राहिला तर निम्मी विद्या तिथेच गळाली. ज्यांनी मर्दानी खेळात लाठी केली आहे त्यांना इथे वेगळी सवय लावावी लागते. लाठीला दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मोठे फेरे घेतात. इथे काठी आखूड, एका हातात आणि फेरा लहान.

जोडीचा सराव काय देतो आणि काय बिघडवतो

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जोडीदार घ्या. सुरुवात साध्या सिनावालीने. दोघांच्या दोन्ही हातांत काठ्या. उजव्या हाताने वर, त्याच हाताने उलटा खाली. मग डाव्या हाताने वर, उलटा खाली. चार ठोके, पुन्हा पहिल्यापासून. समोरचाही तेच करतो आणि काठ्या मध्ये भेटतात. पन्नास फेऱ्या न चुकता झाल्या की वेग वाढवा.

सिनावालीने दोन्ही हात सारखे तयार होतात, ताल बसतो, काठी समोरून येताना डोळे मिटायचे थांबतात. पण तिच्यात एक खोट आहे आणि ती वर्षानुवर्षं लपून राहू शकते. काठी काठीवर आपटायची सवय लागते. माणसाला मारायचं आहे, हे हात विसरतो. त्यातून दोघंही सभ्यपणे अर्धं पाऊल मागे उभे राहतात. तपासणी सोपी आहे. अगदी संथ वेगात सिनावाली चालू असताना एकाने काठ्या खाली घेऊन स्थिर उभं राहायचं आणि दुसऱ्याने वार पूर्ण करून टोक थांबवायचं. टोक कानशिलापाशी आलं तर ठीक. वीतभर अलीकडे थांबलं, तर इतके दिवस फक्त टिपऱ्या खेळून झाल्या.

सुम्ब्रादा हा पुढचा प्रकार: एकाने वार करायचा, दुसऱ्याने अडवून लगेच उलट वार करायचा, पहिल्याने तो अडवून पुन्हा वार, अशी साखळी. यात अडवणं आणि मारणं जोडलं जातं. खोट इथेही आहेच. पुढचा वार कोणता हे दोघांना ठाऊक असतं, त्यामुळे हात वार येण्याआधीच अडवायला निघतो. वार देणाऱ्याने दर सात-आठ फेऱ्यांमागे एकदा न सांगता कोन बदलावा. समोरचा रिकाम्या जागी काठी घेऊन उभा दिसला की समजायचं, तो पाठ केलेलं म्हणत होता.

चिलखत घालून खुली लढत हा तिसरा मार्ग. 1979 मध्ये सेबूत झालेल्या स्पर्धेपासून गादीदार अंगरखा आणि शिरस्त्राण घालून लढण्याची पद्धत पुढे आली. दमछाक, भीती आणि खरं अंतर शिकायला याला तोड नाही. पण अंगावर गादी असली की माणूस वार खातो आणि बेफिकीरपणे उलट मारत सुटतो. उघड्या मनगटावर वेत बसला असता तर तिथेच काठी सुटली असती, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग आन्योचं काम कोणतं

वरच्या प्रत्येक सरावात जोडीदार असल्यामुळे काहीतरी आखडतं घ्यावं लागतं: कधी वेग, कधी जोर, कधी वाराचा शेवट. आन्योत समोर कोणी नसतं, म्हणून वार पूर्ण जोराने, लक्ष्याच्या आरपार, शेवटपर्यंत नेता येतो. पातं हातात असल्यासारखा हात फिरवायचा असेल तर दुसरी सुरक्षित जागाच नाही. शिवाय वार, पाऊल, मोकळा हात आणि नजर या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळून आठ-दहा हालचाली सलग करणं हे वेगळं कौशल्य आहे.

अंतर, वेळ साधणं आणि दबाव या तीन गोष्टी आन्यो शिकवत नाही. त्यांची अपेक्षा त्याच्याकडून करणारे निराश होतात आणि मग आन्योलाच नावं ठेवतात.

आठ हातांचा सराव-आन्यो

शिक्षक असतील तर त्यांच्या शाखेचा पहिला आन्यो शिका. खालची रचना कोणत्याही शाखेची नाही. वर सांगितलेले सहा कोन आणि व्ही-पावलं एकत्र घोटण्यासाठी ती बांधली आहे. उजव्या हातासाठी दिली आहे. खाली क्रमांक दिलेली प्रत्येक हालचाल म्हणजे आन्योतला एक 'हात'.

उभं राहणं: व्हीच्या टोकावर, पाय खांद्याइतके रुंद, काठी उजव्या खांद्यावर टेकलेली, डावा हात छातीशी. नजर समोरच्या काल्पनिक माणसाच्या गळ्यावर, म्हणजे त्याचे दोन्ही खांदे नजरेत राहतात.

1. उजवा पाय उजव्या रेषेने पुढे, कोन एक. काठी कानशिलाच्या रेषेतून आरपार जाऊन डाव्या खांद्यापाशी येते. पाय टेकणं आणि टोक लक्ष्यावर पोचणं एकाच क्षणी.

2. पाय तिथेच. कंबर उजवीकडे वळवत कोन दोन, उलट्या हाताने. काठी उजव्या खांद्यावर परत.

3. उजवा पाय टोकावर मागे, लगेच डावा पाय डाव्या रेषेने पुढे, कोन तीन. आडवा वार कोपराच्या उंचीवर. काठी डाव्या कमरेपाशी थांबते.

4. पाय तिथेच, कोन चार. उलटा आडवा वार, काठी उजव्या कमरेपाशी.

5. डावा पाय टोकावर मागे, उजवा पाय सरळ पुढे, कोन पाच. पोटात भोसक. कोपर पूर्ण ताठ करू नका, थोडा वाकलेला ठेवा. भोसक ज्या रेषेने गेली त्याच रेषेने परत.

6. आता बचाव. समोरच्याने तुमच्या डाव्या कानशिलावर वार केला असं धरा. मागचा डावा पाय पाऊलभर उजवीकडे सरकवा, म्हणजे अंग आपोआप डावीकडच्या वाराकडे वळतं. काठी डाव्या बाजूला उभी, टोक वर, मूठ छातीच्या उंचीवर. त्याच क्षणी डाव्या तळव्याने समोरच्याचं काठीचं मनगट दाबल्याची हालचाल.

7. पाय हलवायचे नाहीत. मनगट उलटवून काठी पंख्यासारखी फिरवा आणि डोक्याच्या बाजूला मारा. याला अबानिको म्हणतात. जोर मनगटाचा. डावा हात दाबलेल्या मनगटावरून सोडू नका.

8. उजवा पाय अर्धं पाऊल पुढे, डावा मागून ओढून घ्या, कोन बारा. सरळ खाली, पोटाच्या उंचीवर थांबवा. मग दोन पावलं मागे, काठी खांद्यावर.

पहिला आठवडा फक्त पावलं, काठी बाजूला ठेवून. दिवसाला दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात काठी घ्या आणि प्रत्येक हातानंतर दोन सेकंद थांबा. तिसऱ्यात 1-2, 3-4, 5, 6-7-8 असे तुकडे जोडा. तुकड्याच्या आत थांबायचं नाही, दोन तुकड्यांमध्ये श्वासभर थांबायचं. चौथ्यात पूर्ण वेग, पण दिवसाला पाचच वेळा. जोराने केलेला आन्यो पाचदा झाला की सहाव्याला कोपर पडू लागतो आणि मग चुकीचाच सराव होतो.

चौथ्या आठवड्यानंतर सगळं डाव्या हाताने, आरशातल्यासारखं उलट. सोपं वाटतं, पण तिसऱ्या हातातल्या पायबदलाशी जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो.

कुठे चुकतं

मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला उभा करून चित्रण करा, मग स्थिर चित्रं काढून पाहा. पहिल्या आणि तिसऱ्या हाताच्या चित्रात पाय आधी टेकलेला आणि काठी अजून मागेच दिसेल. ही सर्वांत सार्वत्रिक चूक. अंगाचं वजन पावलाबरोबर खर्ची पडतं आणि वाराला फक्त हात उरतो. उपाय: पाऊल थोडं उशिरा आणि लहान टाका.

दुसरी चूक, काठी लक्ष्यावरच थांबवणं. हवेत मारताना सांध्यांना आवर घालायची सवय असते. जुन्या गाडीचा टायर दोरीने टांगून त्यावर कोन एक आणि दोन दहा-दहा वेळा मारून मग आन्यो केला, तर वार आपोआप आरपार जातो.

तिसरी, सहाव्या हातात डावा तळवा काठीच्या पुढे जाणं. खऱ्या वारात तिथे बोटं सापडतात. तळवा काठीच्या मागून, तुमच्या बाजूने यायला हवा.

चौथी नजर. पाचव्या हातानंतर डोळे जमिनीवरच्या पट्टीकडे जातात. दुसऱ्या आठवड्यापासून पट्टी काढूनच टाका.

आणि एक ताल. आठही हात एकाच ठेक्यात पडत असतील तर आन्यो बेसूर आहे, ऐकायला कितीही छान वाटला तरी. 1-2 जलद, 3 च्या आधी क्षणभर उसंत, 6 आणि 7 जवळजवळ एकत्र.

आन्यो उकलणं

हा भाग गाळला तर आधीचा सगळा खटाटोप वाया. प्रत्येक हाताबद्दल जोडीदाराबरोबर तीन गोष्टी ठरवा: समोरून काय आलं, किती अंतरावरून आलं आणि माझा हा हात चुकला तर पुढे काय. मग जोडीदाराने तोच वार पाव वेगात द्यायचा. 6-7-8 या तुकड्याने सुरुवात करा, कारण त्यात अडवणं, धरणं आणि उलट वार तिन्ही आहेत. दहा वेळा सांगून, दहा वेळा वेग बदलून आणि शेवटी कोन एक की दोन हे न सांगता.

इथे आन्योतलं काही टिकतं, काही मोडतं. अबानिकोपर्यंत पोचण्याआधीच जोडीदार काठी मागे ओढून घेतो, असं बहुतेक वेळा होतं. म्हणजे डाव्या हाताने मनगट दाबलंच नव्हतं, फक्त तसा आव आणला होता. परत एकट्याने आन्यो करताना सहाव्या हातात आता खरं मनगट डोळ्यांसमोर येतं. 1-2 मध्ये जोडीदार पहिला वार अडवतो आणि तुमची काठी आदळून परत फिरते. तेव्हा कोन दोन खांद्यापासून न निघता अडवलेल्या जागेवरूनच निघतो. आन्योतला लांब फेरा आणि जोडीतला आखूड फेरा दोन्ही बरोबर आहेत. लांब फेरा वार चुकवला गेल्यावरचा, आखूड फेरा वार अडवला गेल्यावरचा.

यानंतर कारेन्सा करून पाहा. ठरलेला क्रम सोडून तीन मिनिटं मनाला येईल तसे हात, पण प्रत्येक वार कोणत्या तरी कोनाचा आणि प्रत्येक पाऊल व्हीमधलं. हात सुचेनासे झाले की माणूस नकळत आन्योतलाच एखादा तुकडा करतो. कोणता तुकडा येतो ते लक्षात ठेवा. तो मुरला आहे. जे तुकडे कधीच येत नाहीत, ते अजून कवायतच आहेत.

स्पर्धेत उतरायचं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. 2019 च्या फिलिपिन्समधल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत अर्निसची वीस सुवर्णपदकं होती, त्यांत लढतींबरोबर आन्योचेही प्रकार होते. स्पर्धेचा आन्यो परीक्षकांसाठी असतो: ठसठशीत थांबे, उंच लाथा, प्रसंगी उड्या. त्यात वावगं काही नाही. फक्त तो आणि सरावाचा आन्यो वेगवेगळ्या दिवशी करा, नाहीतर सरावात अनावश्यक थांबे शिरतात.

आठवड्याचा हिशोब असा ठेवता येईल: तीन बैठका, प्रत्येकी पन्नास मिनिटं. दहा मिनिटं मनगट, खांदे आणि पावलं मोकळी करणं, पंधरा मिनिटं कोन, दहा मिनिटं आन्यो, पंधरा मिनिटं जोडी. जोडीदार नसेल त्या दिवशी ती पंधरा मिनिटं टायरवर आणि कारेन्सात. आन्योची दहा मिनिटं वाढवायचा मोह होतो, कारण तेवढ्यात प्रगती डोळ्यांना दिसते. वाढवू नका. दुसरा आन्यो पहिल्याचे आठही हात जोडीदारावर दोन्ही हातांनी चालेपर्यंत घ्यायचा नाही. याला बहुतेकांना चार ते सहा महिने लागतात, आणि तोवर पहिली काठी पिसून बदलायला आलेली असते.